रुमालाखाली

भिंतीवर सात चिठ्ठ्या आहेत.
पहिली : पातेलं.
दुसरी : पाणी, दोन कप.
तिसरीवर माझं बोट अडतं,
कारण तिसरीपर्यंत पोचेस्तोवर
दुसरी खरंच केली की नुसती वाचली
ते मला सांगता येत नाही.
पातेल्यात डोकावतो. पाणी आहे.
म्हणजे केली असणार. मीच.

विश्रामबागेत, दाताच्या दवाखान्याच्या वर,
तीन खोल्यांत एक घर मांडलंय.
गॅस खरा, न्हाणीघर खरं,
पलंगावर मात्र कोणी झोपत नाही.
दाराला कुलूप लावायचं, काढायचं,
लावायचं, किल्ली खिशात,
कुठल्या खिशात ते मोठ्यानं म्हणायचं.
पाच जण आम्ही घर शिकतो इथं.
कुपवाडच्या कारखान्यात शिडीवरून पडलेला संदेश,
आणि कुरणे बाई, ज्यांच्या डोक्यात रक्त साकळलं होतं,
त्या स्वतः बटणं लावायला शिकतात
आणि मधूनमधून चिठ्ठ्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात.

माझं अंकलीच्या फाट्यावर झालं, म्हणतात.
म्हणतात. माझ्याकडे त्या दिवसाची नोंद नाही.
हेल्मेट हँडलला लटकत होतं,
त्याला साधा ओरखडा नाही.
त्रिशलानं ते फेकलं नाही अजून.
त्यात ती कांदे ठेवते.

अठ्ठावीस वर्षं मी हळदीच्या पेठेत दिवाणजी.
कीर्द लिहिली, खतावणी लिहिली,
कुणाची किती पोती कुठल्या थप्पीला
ते झोपेतून उठवून विचारावं.
बोटांच्या पेरांतला पिवळा रंग
दवाखान्यात नर्सनं दोनदा घासला, गेला नाही.

आता अस्मा मुजावर
(मिरजेची, वय सव्वीस, कधी ओरडत नाही)
टेबलावर नोटा मांडते.
अण्णा, भडंगाचे ऐंशी झाले. शंभर दिले.
परत किती?
मला माहीत आहे.
ते तिथंच आहे, गोदामात दिवा बंद असला
तरी पोतं जागेवर असतं तसं.
जीभ आत जाते, चाचपडते,
आणि घेऊन येते, ‘मंगळवार.’

संदेश हसतो. मीही हसतो.
मग मला रडू येतं, थांबत नाही,
तेही आजारातच धरतात.

त्या दिवशी चहाच्या ट्रेवरचा रुमाल ओढला,
तिच्या हातावर टाकला
आणि खालून तिची दोन बोटं दाबली.
दोन. दोन दहा.
ती बघत राहिली.
पेठेत सौदे असेच व्हायचे, हे तिला कसं सांगू,
रुमालाखाली हात, बोटांत भाव,
भोवती पन्नास माणसं आणि कोणाला पत्ता नाही.
सांगायला शब्द लागतात.
मी पुन्हा दाबली. पुन्हा. जरा जोरात.
‘वीस?’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून रुमाल आणला,
कडेला निळी वेल भरलेला.
तिचे मामा पेठेत तोलाईला होते म्हणे,
रात्री त्यांना विचारून बोटं शिकून आली.
सगळी आली नाहीत.
सात तिचा अजून चुकतो,
मी तिच्या करंगळीवर टिचकी मारतो.

आज जिना एकट्यानं उतरलो.
दुकान तिसरं, डावीकडे.
ती पंचवीस पावलं मागं, मोबाइलमध्ये बघत असल्यासारखी.
नोट दिली. खिशातल्या खिशात
उजव्या हातानं डाव्याची दोन बोटं दाबली.
दुकानदारानं दहाच टेकवले.
मी हात मागं घेतला नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, गल्ल्याकडं पाहिलं,
आणखी दहा ठेवले.

वर आलो. कुलूप काढलं. किल्ली डाव्या खिशात.
वीस रुपये टेबलावर.
‘आणि भडंग?’ कुरणे बाईंनी विचारलं.

पुडा दुकानातच राहिला होता.
पुन्हा उतरलो.
ती मागं आहे का, ते बघायचं
राहूनच गेलं.